मस्कोगीचा पेढीवाला

नोटा वॉशिंग्टनला छापल्या जायच्या, पण तिथून निघताना त्या अर्ध्यामुर्ध्याच असायच्या. एका तावावर चार नोटा, प्रत्येकीवर बँकेचं नाव, गावाचं नाव आणि खाली सह्यांसाठी दोन रिकाम्या जागा. ताव गावच्या बँकेत पोचले की आधी कॅशियर सही करायचा, मग अध्यक्ष. शाई वाळली की नोटा कापून वेगळ्या केल्या जायच्या आणि गल्ल्यात पडायच्या. १८९० पासून पुढची दहा वर्षं अमेरिकेच्या इंडियन टेरिटरीतल्या मस्कोगी गावात अध्यक्षाच्या जागेवर सही असायची रॉबर्ट लेथम ओवेन यांची. गुरांचा व्यापारी, कापूसवाला, किराणा दुकानदार, सगळ्यांच्या खिशातून त्या सहीचे कागद फिरत होते.

हाच माणूस पुढे सिनेटर झाला आणि देशाच्या नोटा कुणी काढायच्या, हे ज्या कायद्याने कायमचं ठरवलं त्यावर त्याचं नाव लागलं. २३ डिसेंबर १९१३ च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सही केलेला फेडरल रिझर्व्ह कायदा ‘ग्लास-ओवेन कायदा’ म्हणूनही ओळखला जातो. अमेरिकेची मध्यवर्ती बँक त्यातून उभी राहिली.

या कायद्याची गोष्ट सांगताना सहसा न्यूयॉर्क-वॉशिंग्टनची बडी मंडळी पुढे येतात. जे. पी. मॉर्गन, पॉल वॉरबर्ग, सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच आणि १९१० मध्ये जॉर्जियाच्या जेकिल बेटावर झालेली त्यांच्यापैकी काहींची आणि त्यांच्या माणसांची गुप्त बैठक. ती गोष्ट खरी आहे आणि रंजकही. पण ठेवीदारांची झुंबड गल्ल्याच्या आतल्या बाजूने पाहिलेला, तिजोरी रोज थोडी थोडी रिती होताना मोजलेला माणूसही त्या कायद्याच्या शिल्पकारांत होता, आणि तो लहान गावातला होता. कायद्यातली काही कलमं वाचताना आजही ते जाणवतं.

ओवेन यांचा जन्म २ फेब्रुवारी १८५६ चा, व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचा. वडील व्हर्जिनिया अँड टेनेसी रेल्वेचे अध्यक्ष. घर मोठं, माणसांचा राबता, पैशाची ददात नाही. आई नार्सिसा चिझम या चेरोकी. त्यांचे वडील थॉमस चिझम हे पश्चिमेकडच्या चेरोकींचे एक प्रमुख होते. नार्सिसाबाईंनी आपल्या मुलाला ओकोनोस्टोटा या जुन्या चेरोकी सरदाराचं नावही दिलं होतं. रेल्वेच्या अध्यक्षाच्या घरात वाढणारा मुलगा आणि हे नाव, दोन्ही एकाच वेळी त्याची होती.

१८७३ च्या घबराटीत हे घर बसलं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जे कुक यांची पेढी बुडाली, तिच्यामागून रेल्वे कंपन्या आणि बँका कोसळल्या आणि ओवेन कुटुंबाची संपत्ती त्यात गेली. वडीलही त्याच सुमारास वारले. रॉबर्ट तेव्हा सतरा वर्षांचे होते. शिष्यवृत्तीच्या आधारावर त्यांनी लेक्सिंग्टनच्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठातून १८७७ मध्ये एम. ए. पूर्ण केलं, तेही वर्गात पहिले येऊन. आईने संगीत शिकवून संसार ओढला. या बाईंबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. त्या उत्तम चित्रकार होत्या, १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात त्यांचं चित्र मांडलं गेलं आणि १९०७ मध्ये त्यांनी आपल्या आठवणी छापल्या.

लिंचबर्गमध्ये त्याच काळात आणखी एक मुलगा वाढत होता. ओवेन यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याने लहान वयातच शाळा सोडली आणि वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागला. त्याचं नाव कार्टर ग्लास. ग्लास-ओवेन कायद्यातले दोघेही एकाच गावचे, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर वाचकाने विश्वास ठेवला नसता.

१८७९ मध्ये ओवेन आईच्या माणसांत गेले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांना अमेरिकी सरकारने १८३० च्या दशकात आपल्या भूमीवरून हुसकावून पश्चिमेला नेऊन बसवलं होतं. त्या वाटेवर हजारो माणसं मेली. ज्या प्रदेशात त्यांना बसवलं ती इंडियन टेरिटरी. तिथे प्रत्येक राष्ट्राचं आपलं सरकार, आपली न्यायालयं, आपल्या शाळा होत्या. जमीन मात्र कुणा एकाची नव्हती, ती साऱ्या राष्ट्राची सामाईक होती. घर बांधा, कुंपण घाला, पीक काढा, त्यावर तुमचा हक्क. खालची माती विकता येत नसे की गहाण टाकता येत नसे.

ओवेन आधी सलाइनाच्या चेरोकी अनाथालयात शिक्षक झाले. मग वकिलीची सनद मिळवली, चेरोकी शिक्षण मंडळाचे सचिव झाले, विनिटा गावातून ‘इंडियन चीफटन’ हे वर्तमानपत्र काही काळ चालवलं. १८८५ मध्ये ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचं डेमोक्रॅटिक सरकार आलं आणि ओवेन पाचही राष्ट्रांसाठी नेमलेले सरकारी एजंट झाले. कचेरी मस्कोगीला. बाहेरून आलेले अमेरिकी व्यापारी आणि स्थानिक लोक यांच्यातले पैशाअडक्याचे तंटे ऐकायला त्या प्रदेशात अमेरिकेचं न्यायालयच नव्हतं, ते १८८९ मध्ये आलं. तोवर उधारीचे, गुरांचे, भाडेपट्ट्यांचे वाद एजंटाच्या टेबलावर यायचे. चार वर्षांत कुणाची पत किती, कुणाचा शब्द किती वजनाचा, हे ओवेन यांना जितकं कळलं असेल तितकं दुसऱ्या कुणाला कळलं नसेल. बँक काढायला निघालेल्या माणसाला याहून चांगली उमेदवारी कुठे मिळणार?

सरकार बदललं, एजंटाची जागा गेली आणि १८९० मध्ये फर्स्ट नॅशनल बँक ऑफ मस्कोगी सुरू झाली. इंडियन टेरिटरीतल्या अगदी पहिल्या बँकांपैकी ही एक. गाव लहान, पण मोक्याचं. १८७२ मध्ये मिझुरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वे तिथून गेली होती आणि टेक्सासची गुरं त्या वाटेने उत्तरेच्या बाजारांकडे जात. गिऱ्हाईक होतं ते गुरांचे व्यापारी, कापसाचे अडते आणि दुकानदार.

इथे एक अडचण होती, आणि ओवेन यांची पुढची सगळी मतं समजायला ती ध्यानात घ्यावी लागते. बँकेला कर्जासाठी तारण लागतं, आणि सगळ्यांत पक्कं तारण म्हणजे जमीन. मस्कोगीत जमीन तारण ठेवताच येत नव्हती, आणि ज्या राष्ट्रीय सनदेखाली ही बँक चालत होती ती सनदही जमिनीवरच्या कर्जाला तेव्हा परवानगी देत नसे. मग कर्ज द्यायचं ते गुरांवर, उभ्या पिकावर, दुकानातल्या मालावर आणि माणसाच्या शब्दावर. गुरांवरचं कर्ज महिन्या-दोन महिन्यांत परत येत नाही. वासरू विकत घ्यायचं, चरायला सोडायचं, अंगाने भरलं की विकायचं. पैसा तोवर कुरणात अडकलेला असतो.

दुसरी अडचण नोटांचीच होती. राष्ट्रीय बँकेला आपल्या नावाच्या नोटा काढता येत, पण त्यासाठी आधी सरकारी रोखे विकत घेऊन ते वॉशिंग्टनला ठेवावे लागत, आणि रोख्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच नोटा मिळत. म्हणजे देशात किती नोटा फिरणार हे सरकारी रोख्यांच्या बाजारावर ठरायचं. सुगीच्या दिवसांत कापूस वेचणाऱ्यांना, हमालांना, गाडीवानांना रोख मजुरी द्यायची असते आणि गावोगाव एकाच वेळी रोकड लागते. पण त्या वेळी नोटा वाढत नसत. दरवर्षी शरद ऋतूत चणचण ठरलेली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत घातक. गावच्या राष्ट्रीय बँकेने ठेवींच्या १५ टक्के राखीव ठेवायचे, असा कायदा होता. त्यातले तीन पंचमांश मोठ्या शहरातल्या बँकेत ठेवले तरी चालत. तिथे त्यावर व्याज मिळे, म्हणून सगळेच ठेवत. शहरातल्या बँका आपल्या राखीव निधीचा अर्धा भाग न्यूयॉर्कला पाठवत आणि न्यूयॉर्कच्या बँका तो पैसा शेअर बाजारातल्या खेळाडूंना मागता क्षणी परत करण्याच्या बोलीने कर्जाऊ देत. मस्कोगीच्या ठेवीदाराचा अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला पैसा असा वॉल स्ट्रीटवर सट्ट्याला लागलेला असायचा, आणि ही सारी साखळी कायद्याच्या चौकटीत होती.

१८९३ मध्ये ती तुटली. फेब्रुवारीत फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वे दिवाळखोरीत गेली, एप्रिलमध्ये सरकारच्या तिजोरीतला सोन्याचा साठा १० कोटी डॉलरच्या खाली उतरला, मेमध्ये नॅशनल कॉर्डेज ही दोरखंडाची कंपनी बुडाली. पश्चिमेतल्या आणि दक्षिणेतल्या बँकांवर ठेवीदार धावले. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी रोकड देण्यात हात आखडता घेतला. गावच्या बँकांना आपलाच राखीव पैसा परत मिळेना. त्या वर्षात देशभरात सुमारे ५०० बँकांनी दारं बंद केली.

मस्कोगीच्या बँकेच्या निम्म्या ठेवी सुमारे पन्नास दिवसांत निघून गेल्या, असं ओवेन यांनीच पुढे नोंदवून ठेवलं आहे. बाहेर उभा माणूस आपले कष्टाचे पैसे मागतो आहे, त्याचं मागणं रास्त आहे. आत बसलेल्या माणसाकडे कर्जवसुलीचे कागद आहेत, तेही खोटे नाहीत. पण कुरणातल्या गुरांच्या पोटातून आत्ता नोटा निघत नाहीत. गुरं आजच विकायला लावली तर भाव पडतो आणि धडधाकट व्यापारी बुडतो, त्याच्या पाठोपाठ बँक बुडते. घाबरलेला माणूस नोटा घरी नेतो, गादीखाली ठेवतो, आणि त्या नोटा बाजारातून गेल्याने उरलेले आणखी घाबरतात. ओवेन यांची बँक कशीबशी तगली. सतराव्या वर्षी एका घबराटीने घर गेलं होतं, सदतिसाव्या वर्षी दुसरीने पेढी जवळजवळ नेली. त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. नेक बँक आणि नेक कर्जदार केवळ रोकड नाही म्हणून बुडत असतील, तर दोष व्यवस्थेचा आहे.

ते शिकायला निघाले. १८९८ च्या उन्हाळ्यात त्यांनी युरोपात जाऊन इंग्लंड, जर्मनी आणि इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांचा कारभार पाहिला, तिथल्या लोकांशी बोलले. आपल्याकडे हुंडी वटवण्याची जी पद्धत शतकानुशतकं होती, तिच्याच एका मोठ्या रूपावर तिथलं सगळं उभं होतं. व्यापाऱ्याची हुंडी गावची बँक वटवते, बँकेला रोकड लागली की तीच हुंडी मध्यवर्ती बँक पुन्हा वटवून देते. नोटा वाढतात त्या खऱ्या मालाच्या उलाढालीवर, आणि माल विकून हुंडी फिटली की परत येतात. मस्कोगीच्या अध्यक्षाला नेमकी हीच खिडकी १८९३ मध्ये हवी होती.

मधल्या काळात त्यांनी बँकेचं अध्यक्षपद सोडलं आणि वकिलीवर भर दिला. त्यातला सर्वांत गाजलेला दावा पूर्वेकडच्या चेरोकींचा. १८३५ च्या न्यू एकोटा कराराने त्यांना बाहेर काढलं, आणि त्या हकालपट्टीचा खर्चही सरकारने त्यांच्याच पैशातून वळता केला होता. मुद्दल सुमारे ११ लाख ११ हजार डॉलर. १८३८ पासूनचं पाच टक्के व्याज धरलं तर आकडा ५० लाख डॉलरच्या घरात जात होता. १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. जवळजवळ सत्तर वर्षांचं व्याज वसूल करणं, यात वकिलाइतकाच बँकवाला दिसतो. चेरोकींना पैसे मिळाले, ओवेन यांना घसघशीत मानधन मिळालं.

आता त्यांच्या चरित्रातली दुखरी जागा. १८९० च्या दशकात सरकारने डॉज आयोग नेमून पाच राष्ट्रांची सामाईक जमीन माणशी वाटून टाकायचं ठरवलं. सुमारे १ कोटी ९५ लाख एकर. वाटप झालेल्या जमिनी काही वर्षं विकता येऊ नयेत अशी बंधनं आधी होती. ओवेन यांनी ती उठवण्याची बाजू घेतली, आणि मे १९०८ च्या कायद्याने लाखो एकरांवरची बंधनं उठलीही. त्यानंतर सावकार, दलाल, पालक म्हणून नेमलेले वकील यांनी त्या जमिनी कवडीमोलाने लाटल्या. अँजी डेबो या इतिहासकार बाईंनी १९४० मध्ये हा सगळा व्यवहार कागदपत्रांनिशी पुस्तकात मांडला, तेव्हा ओक्लाहोमाच्या विद्यापीठ प्रकाशनाने ते छापायचं टाळलं होतं. ते बाहेरच्या राज्यात छापलं गेलं. ओवेन स्वतःही जमिनींच्या व्यवहारात होते आणि त्यावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. मूळनिवासी माणसाला इतरांसारखेच पूर्ण हक्क हवेत, विकायचा हक्कसुद्धा, असं ते म्हणत. इंडियन टेरिटरीच्या मूळनिवासींना १९०१ मध्ये अमेरिकी नागरिकत्व मिळावं म्हणून त्यांनी मनापासून खटपट केली होती. पण जमीन तारण ठेवता येत नाही, ही जी बँकवाल्याची अडचण होती, तीच त्या लोकांची ढाल होती. ठेवीदाराची भीती इतकी नीट ओळखणाऱ्या माणसाला हे दिसायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा राज्य झालं. पक्षांतर्गत मतदानात ओवेन पहिले आले आणि विधिमंडळाने त्यांना सिनेटवर पाठवलं. त्यांच्या सोबतचे दुसरे सिनेटर टॉमस गोर, लहानपणीच दृष्टी गेलेले. ओवेन आणि कॅन्ससचे चार्ल्स कर्टिस हे मूळनिवासी वंशाचे दोघे सिनेटर एकाच वर्षी सभागृहात आले.

वेळ तरी कशी यावी! ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्टवर झुंबड उडाली होती, देशभर रोकड आटली होती आणि मॉर्गन यांनी आपल्या ग्रंथालयात बँकवाल्यांना बसवून पैसे गोळा केले होते. ओवेन डिसेंबरात वॉशिंग्टनला पोचले तेव्हा सगळीकडे हीच चर्चा. नव्या सिनेटरने वर्षभर गप्प बसायचं असा तिथला तेव्हाचा रिवाज. ओवेन यांनी १९०८ च्या सुरुवातीलाच ऑल्ड्रिच यांच्या चलन विधेयकावर बोलायला उभं राहून तो मोडला. ऑल्ड्रिच हे त्या काळचं सिनेटमधलं सर्वांत वजनदार नाव. शेअर बाजारासाठी पैशांचा पुरवठा आणि गावातल्या हुंडीसाठी पुरवठा यांतला फरक ओवेन मांडत होते. विधेयक मंजूर झालंच, पण चार वर्षांनी विल्सन निवडून आले आणि मार्च १९१३ मध्ये सिनेटने बँकिंग आणि चलनासाठी नवी समिती नेमली, तेव्हा तिचं पहिलं अध्यक्षपद ओवेन यांच्याकडे आलं.

प्रतिनिधिगृहात त्याच खात्याच्या समितीचे अध्यक्ष होते कार्टर ग्लास. दोघांचे मसुदे वेगळे. ग्लास यांना प्रादेशिक बँका हव्या होत्या आणि वरच्या मंडळावर बँकवाल्यांचे प्रतिनिधी चालणार होते. ओवेन यांचं म्हणणं होतं की नोटा हा सरकारचा अधिकार आहे, मंडळ सरकारनेच नेमलेलं हवं. परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्स ब्रायन त्यांच्या बाजूने. जून १९१३ मध्ये विल्सन यांनी वकील लुईस ब्रँडाइस यांचाही सल्ला घेतला आणि ठरवलं की मंडळावर बँकांचे प्रतिनिधी नसतील आणि नव्या नोटा ही सरकारची देणी असतील. ग्लास यांना ते झोंबलं, पण त्यांनी मान्य केलं. मला यात ओवेन यांचा सर्वांत मोठा वाटा दिसतो. दहा वर्षं स्वतःच्या सहीच्या नोटा काढलेला बँकवाला नोटा काढण्याचा अधिकार बँकांकडून काढून घ्या म्हणत होता.

प्रतिनिधिगृहाने १८ सप्टेंबरला २८७ विरुद्ध ८५ मतांनी विधेयक संमत केलं. सिनेटमध्ये मात्र ओवेन यांची कसोटी लागली. समितीत बारा जण, सात डेमोक्रॅट. त्यांतले तिघे फुरंगटले. सुनावण्या ऑक्टोबर संपत येईपर्यंत चालल्या, न्यूयॉर्कच्या बँकांनी आपली वेगळी योजना पुढे आणली. दोघे परत आले, नेब्रास्काचे हिचकॉक शेवटपर्यंत आले नाहीत, आणि समिती सहा-सहाने अडली. शेवटी शिफारशीविना दोन मसुदे सभागृहापुढे गेले, एक ओवेन यांचा, एक हिचकॉक यांचा. १९ डिसेंबरला ५४ विरुद्ध ३४ मतांनी सिनेटने विधेयक संमत केलं. नाताळच्या सुट्टीआधी दोन्ही सभागृहांचा मेळ घातला गेला आणि विल्सन यांनी सोन्याच्या टाकांनी सही केली. त्यातला एक टाक ओवेन यांना मिळाला.

त्या कायद्यातल्या एका तरतुदीजवळ थांबायला हवं. गावच्या बँकेकडच्या व्यापारी हुंड्या प्रादेशिक रिझर्व्ह बँकेने पुन्हा वटवायच्या, पण मुदत ९० दिवसांच्या आतली हवी. याला एकच सवलत होती. शेतीसाठी काढलेल्या किंवा गुरांवर आधारलेल्या कागदाला सहा महिन्यांची मुदत. कुरणातलं गुरू तीन महिन्यांत अंगाने भरत नाही, हे मस्कोगीत कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

ओवेन यांना आणखी एक गोष्ट हवी होती, ती मात्र हातची गेली. ओक्लाहोमाने राज्य झाल्याबरोबर, डिसेंबर १९०७ मध्ये, बँक ठेवींना हमी देणारा कायदा केला होता. सिनेटच्या १९१३ च्या मसुद्यातही ठेवीदारांच्या हमीची तरतूद होती. प्रतिनिधिगृहाशी मेळ घालताना ती गळली. ओक्लाहोमाचा राज्याचा प्रयोगही फसला, हमीनिधी आटला आणि १९२३ मध्ये कायदा रद्द झाला. पण ज्या भीतीने रांग लागते तिच्यावर हाच इलाज होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बँका बुडाल्यावर, १९३३ मध्ये, देशाला कायदा करून तो स्वीकारावा लागला. त्या कायद्यावरही ग्लास यांचं नाव आहे, आणि ठेवविम्याला त्यांचा तेव्हाही विरोधच होता.

ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. फेडरल रिझर्व्हचं विधेयक संसदेत झगडत होतं त्याच जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन बँकिंग सुधारणेच्या त्या चळवळीतले जाणते पुरस्कर्ते होते. चलन कुणाच्या हातात असावं, हा प्रश्न घेऊन आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लिहिला. ठेवविमा तर आपल्याकडे अकोल्याच्या वाटेने आला म्हणता येईल. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, ठेवीदारांत हलकल्लोळ झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून भारतात ठेवींना विमा मिळाला. अमेरिकेनंतर तो देणारा भारत दुसरा देश. हमी होती १५०० रुपयांची. सहकारी बँका १९६८ च्या दुरुस्तीने त्यात आल्या, आणि ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाखांवर गेली. पतपेढीच्या बंद शटरसमोर पासबुक हातात घेऊन उभी राहिलेली माणसं आपण पाहिलेली आहेत. मस्कोगीची रांग कशी असेल, याची कल्पना करायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

रिझर्व्ह बँका १६ नोव्हेंबर १९१४ ला उघडल्या. ओवेन आणखी दहा वर्षं सिनेटमध्ये होते. १९१६ च्या कीटिंग-ओवेन कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांनी कारखान्यात बनवलेला माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी आली. जून १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांचं नाव पुढे आलं, पण ती मिळाली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्क रिझर्व्ह बँकेने व्याजदर सात टक्क्यांवर नेला, शेतमालाचे भाव कोसळले, आणि ओवेन आपल्याच हातांनी घडवलेल्या संस्थेवर तुटून पडले. गावातला कर्जदार पुन्हा त्याच कोंडीत सापडला होता, आणि खिडकी असूनही ती महाग झाली होती.

१९२५ मध्ये ते निवृत्त झाले. म्हातारपणी दृष्टी जवळजवळ गेली. त्या अंधारात बसून त्यांनी जगातल्या सगळ्या भाषा उच्चाराप्रमाणे लिहिता येतील अशी एक लिपी रचली आणि ती लोकांनी स्वीकारावी म्हणून खटपट केली. १९ जुलै १९४७ रोजी वॉशिंग्टनला त्यांचं निधन झालं. लिंचबर्गच्या स्प्रिंग हिल दफनभूमीत त्यांना पुरलं. वर्षभरापूर्वी, मे १९४६ मध्ये, ग्लास गेले होते. त्यांची कबरही तिथेच आहे.

श्रेय कुणाचं, यावरून दोघांत अखेरपर्यंत धुसफूस होती. ओवेन यांनी १९१९ मध्ये आपली बाजू पुस्तकात मांडली, ग्लास यांनी १९२७ मध्ये. मधल्या काळात ग्लास अर्थमंत्री झाले होते, म्हणून १९१४ च्या मालिकेच्या काही फेडरल रिझर्व्ह नोटांवर त्यांची सही छापलेली आहे. जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या संग्रहात त्या मिळतात. मस्कोगी, इंडियन टेरिटरी असं गावाचं नाव असलेल्या नोटाही कधीमधी दिसतात. तशा फारच थोड्या उरल्या आहेत, आणि अध्यक्षाच्या जागी असलेली शाई आता तपकिरी पडली आहे.